पिकलं कमी, उरलं जास्त

"अहो थांबा! बंद करा ते!"

वहिनी बांधावरून धावत येत होत्या. एक चप्पल मागे चिखलात रुतून राहिली होती, तिचंही त्यांना भान नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. अर्धं शेत तोवर नांगरून झालं होतं, आणि आपल्या मित्राच्या बायकोला सकाळी सकाळी किती आनंद होईल, या विचाराने तो मघापासून गालातल्या गालात हसत होता.

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे, कारण त्याच्या नांगराचं तास गवंड्याचा ओळंबा लावल्यासारखं सरळ जायचं. पाय मोडून तो खाटेवर पडला होता, तेव्हा दोन्ही वेळचा डबा या वहिनींच्या घरून आला होता. यंदा मित्र गेला. वहिनींचं शेत मागच्या पिकाचं काड पसरलेलं, तसंच पडून राहिलेलं त्याने पाहिलं. नांगरटीला पैसे नसतील, मागायची लाज वाटत असेल, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं आणि उजाडायच्या आत नांगर घातला. भल्या माणसाची हीच तर खोड असते, विचारत नाही.

"काड मुद्दाम ठेवलं होतं हो," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "त्यावर खतही फेकलंय, कुजायला. नांगरटच करायची नव्हती यंदा. काडातच पेरणार होते. दीर म्हणालेत, या हंगामात गव्हात काही उरलं तर शेत ठेवू. नाहीतर वीटभट्टीवाला ते घ्यायला तयारच आहे."

ओळंब्याचं तोंड एवढंसं झालं.

"जाऊ द्या," त्याच्याकडे बघून वहिनींनाच हसू आलं. "अर्धं तुमचं, अर्धं माझं. बघू कोण जिंकतं ते."

गहू दोन्हीकडे उगवला. थंडीत काडाखालची ओल टिकली, तरी नांगरलेल्या बाजूचं पीक जरा जास्तच जोमदार दिसायचं. येता-जाता ते बघून ओळंब्याला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची.

कापणीनंतर दीर आले. खळ्यात पोत्यांच्या दोन थप्प्या. नांगरलेल्या बाजूची थप्पी उंच होती.

"झालं तर मग," दीर म्हणाले. "न नांगरता पिकत नाही. दरवर्षी नांगरायचं तर तुम्हाला परवडत नाही. वहिनी, हट्ट पुरे आता."

वहिनी पोत्याचं तोंड शिवत होत्या. सुई तशीच थांबली.

"माझी नांगरट कुठं धरली?" कोपऱ्यातून ओळंबा म्हणाला.

"तू तर फुकट केलीस ना?"

"मी केली फुकट. शेताला दरवर्षी कोण फुकट देणार? डिझेल धरा, माझं भाडं धरा. वर ढेकळं फोडायची कुळवाची पाळीही धरा. काडाकडं वहिनींनी मागाहून जास्त खत टाकलंय, तेही सोडू नका. मग सांगा."

दिरांनी बोटांवर मांडलं, मग मोबाइलवर मांडलं, मग पुन्हा बोटांवर.

"काडात पिकलं कमी," ते सावकाश म्हणाले, "पण उरलं जास्त." आणि त्याच्याकडे बघून, "म्हणजे तुझंच काम गेलं की रे इथलं."

"गेलं."

"वीटभट्टीवाल्याला नको म्हणून कळवतो," दीर उठत म्हणाले.

ते गेल्यावर वहिनींनी पोत्याचं तोंड शिवून पुरं केलं. मग म्हणाल्या, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात."

"मोडला तर मोडला. डबा आहेच की तुमचा."

वहिनी हसल्या आणि पदराने डोळे पुसले. त्या दिवशी त्याला फार हलकं वाटलं. उपकार फिटला म्हणून नव्हे, तो फिटणारा नव्हताच. आपल्या हातून एक चांगली गोष्ट नीट, विचार करून घडली, म्हणून.

पुढच्या पेरणीला तो शेजारचं शेत नांगरून परतत होता. वहिनींच्या काडावर ढेकूळ सांडू नये म्हणून बांधाला लागण्याआधीच उतरून त्याने फाळ पुसले होते. वहिनी बांधावर डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांची पेरणी आधीच होऊन काडातून गव्हाची हिरवी पाती वर आली होती.

"ओळ जरा वाकडी गेलीय," तो म्हणाला.

"मग? तुमचा हात कुठून आणायचा?"

त्याने ट्रॅक्टर बंद केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या शेतात काहीही काम नसताना, तो बांधावर मांडी घालून जेवायला बसला.