अ‍ॅप निवड समितीच्या अकरा बैठका

आमच्या निवासातल्या चार शहाण्यांनी मिळून एका टॅब्लेटवर एक अ‍ॅप घ्यायला साडेपाच महिने लावले. त्या चारांतली एक मी. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे बाकीच्यांची उणीदुणी काढताना माझा हात आखडणार नाही.

आमचा निवास निवृत्त लोकांचा. तीस खोल्या, एक जेवणघर आणि एक वाचनखोली, जिच्यात वाचनापेक्षा डुलक्याच जास्त होतात. हे सगळं चाललं होतं मास्तरांसाठी. मास्तर म्हणजे अग्निशमन दलाच्या बँडचे बँडमास्तर. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या आणि स्वतःची अशी एकच रचली. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्यूबा आणि ढोल, चौघांच्या चार ओळी. ती वाजायच्या आत दलाने बँडच बंद केला. कागदावर उतरवायची राहून गेली, आणि उतरवू म्हणेपर्यंत डोळे अधू झाले. आता स्वरलिपीच्या रेघा त्यांना एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. मग त्यांच्या पुतणीने आपला जुना टॅब्लेट आणून दिला. त्याच्यावरची मोठी रंगीत बटणं त्यांना स्वच्छ दिसायची. गाणं रचायचं एखादं अ‍ॅप टाकलं, की एकेका वाद्याची ओळ एकेका रांगेत बसवायची आणि शेवटी चारही एकदम ऐकायच्या. एवढंच त्यांना हवं होतं.

घाई होती ती डॉक्टरांमुळे. त्यांनी मास्तरांना तोंडावर सांगितलं होतं, "विसरणं वाढत जाणार. जे काही करायचंय ते या सहा महिन्यांत उरकून घ्या." मास्तर तिथून उठले ते थेट वाचनखोलीत आले आणि म्हणाले, "अ‍ॅपमधलं कुणाला काही कळतं का? कुठलं घ्यावं?"

इथेच चुकलं. दहा-दहा वर्षं ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, अशा माणसांना त्यांनी मत विचारलं.

दुसऱ्याच दिवशी समिती उभी राहिली. जज्जसाहेब अध्यक्ष झाले, कारण ते जन्मात कधी दुसऱ्या कुठल्या खुर्चीत बसलेले नाहीत. एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी खात्यातून निवृत्त झालेले, ज्यांना आम्ही खरेदीवाले म्हणतो, ते सभासद. मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका हेडबाई, त्याही सभासद. मी लघुलेखिका होते, त्यामुळे मला न विचारताच सचिव केलं. मास्तरांना विशेष निमंत्रित म्हणून बोलवायचं ठरलं. मताचा अधिकार नाही.

पहिल्या बैठकीत खरेदीवाल्यांनी सांगितलं, "एकाच जातीचे निदान तीन नमुने समोर असल्याशिवाय निवड करता येत नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर?"

"कोण दाखवणार?" मी विचारलं.

"कुणीही. दाखवणारे असतातच."

तीन नमुने गोळा झाले. तोवर मास्तरांच्या पुतणीने फोनवरून चौथ्याचं नाव कळवलं. चौथं आलं म्हटल्यावर खरेदीवाल्यांनी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. असं तीनदा झालं. शेवटी मी पुतणीला सांगितलं, "बाई गं, आता काही सुचवू नकोस."

जज्जसाहेबांचं म्हणणं, प्रत्येक अ‍ॅपला आपली बाजू मांडायची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. म्हणजे काय, तर प्रत्येक अ‍ॅपमध्ये नमुन्यादाखल भरून ठेवलेलं जे संगीत असतं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. एकाचं संगीत सतरा मिनिटांचं निघालं. जज्जसाहेबांनी डोळे मिटून ते ऐकलं. डोळे मिटूनच ते नेहमी ऐकतात, त्यामुळे झोपलेत की विचार करतायत हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. संपल्यावर म्हणाले, "निर्णय राखून ठेवतो."

हेडबाईंनी शंभर गुणांची परीक्षा घेतली. त्यात नीटनेटकेपणाला दहा आणि वर्तनाला पाच. एका अ‍ॅपमध्ये ऐन वेळी केसांच्या तेलाची जाहिरात उगवली. हेडबाईंनी त्याचे वर्तनाचे पाचही गुण कापले आणि त्या दिवशी त्याला पुन्हा उघडू दिलं नाही. पुढच्या खेपेला ते अ‍ॅप नव्या रूपात आलं. बटणांचे रंग बदलले होते, जाहिरातही नव्हती. "सुधारणा दिसते," म्हणत हेडबाईंनी सगळी परीक्षा नव्याने घेतली.

त्यात आणखी एक गंमत. बहुतेक अ‍ॅप सात दिवस वापरून बघायला मिळायची आणि आमची बैठक पंधरा दिवसांनी भरायची. मागच्या बैठकीत जे पसंत पडलं ते या बैठकीत कुलूपबंद. हे आमच्या ध्यानात यायला पाच बैठका लागल्या. बैठक आठवड्याला घ्यावी अशी सूचना मी मांडली. जज्जसाहेब म्हणाले, "घाईने न्याय होत नाही."

आणि मास्तर? मास्तर दर बैठकीला वेळेच्या आधी येऊन बसत. विसरायला होतं म्हणून असेल, त्यांना आपली खुर्ची ठरवता यायची नाही. आज जज्जसाहेबांच्या शेजारी, तर पुढच्या वेळी हेडबाईंच्या, कधी खरेदीवाल्यांच्या. बसले की हळूच गुणगुणायचे. मुद्दाम नव्हे, चाल निसटू नये म्हणून ते तिला धरून ठेवत होते. पण नमुना संगीत चालू असताना शेजारी दुसरंच काही ऐकू आलं की जज्जसाहेब डोळे उघडायचे. सहाव्या बैठकीत त्यांनी मला नियम लिहून घ्यायला लावला: "बैठकीत विषय सोडून गुणगुणू नये." मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला, दोनदा वाचून दाखवला आणि मास्तरांची सही घेतली. आज त्याची मला लाज वाटते. तेव्हा मात्र माझं शुद्धलेखन चुकलं नाही ना, एवढंच मी बघितलं.

त्यानंतर मास्तर माझ्या शेजारी बसून नुसती बोटं वाजवायचे, टेबलाच्या कडेवर, कुणाला त्रास होणार नाही इतपत.

सातव्या बैठकीत औषधं द्यायला आलेल्या सिस्टर मध्येच बोलल्या, "मास्तर, तुम्ही गा ना, मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवते."

"गायलं तर एका वेळी एकच ओळ येते हो," मास्तर म्हणाले.

"मग चार वेळा गा."

इतकी सरळ गोष्ट त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मग जज्जसाहेब म्हणाले, "सूचना स्वागतार्ह आहे, पण विषयपत्रिकेवर नाही." मी लिहिलं, "पुढील बैठकीत विचारार्थ." पुढच्या बैठकीपर्यंत सिस्टरांची पाळी बदलली, आणि ती सूचना आम्ही चौघंही विसरलो. आमच्यापैकी कुणालाही डॉक्टरांनी विसरण्याचं काही सांगितलेलं नव्हतं.

अकराव्या बैठकीत निर्णय लागला. एकमताने जे अ‍ॅप निवडलं, ते पहिल्या बैठकीत पहिलं उघडलं होतं तेच. खरेदीवाल्यांनी ते कायमचं घेऊन टाकलं. टॅब्लेट मास्तरांसमोर ठेवला. पडद्यावर चार रांगा, चार रंग. जज्जसाहेबांनी छोटंसं भाषण केलं आणि म्हणाले, "मास्तर, आता तुमचं काम."

मास्तरांनी बोट उचललं. ते पडद्यापासून वीतभर अंतरावर थांबलं आणि थांबूनच राहिलं. कपाळावर घाम आला. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आत्ता सकाळपर्यंत होती," ते म्हणाले. "सकाळी दात घासताना होती."

मी इतिवृत्ताची वही मिटून ठेवली.

मग खरेदीवाले खाकरले. "मास्तर, ती अशीच ना?" आणि ते चक्क गुणगुणायला लागले. आवाज फाटका, पण सुरात.

"अशी नाही काही," हेडबाई म्हणाल्या. "किती वेळा माझ्या कानाशी म्हटलीय त्यांनी. ती अशी जाते." त्यांनी म्हटलेली अगदीच निराळी निघाली.

"दोघांचंही चुकतंय," जज्जसाहेब म्हणाले आणि छाती फुगवून खालच्या पट्टीत घुमायला लागले. म्हणजे बैठकांत ते झोपलेले नव्हते.

तिघं भांडायला लागले. खरेदीवाले मतदान मागू लागले. मी वैतागून पेन्सिल आपटत होते, आणि आपटता आपटता माझ्या ध्यानात आलं की मी मास्तरांच्या बोटांचा ठेका धरलाय. "थांबा जरा," मी ओरडले. "या चार चाली नाहीत. या चार ओळी आहेत. ज्याच्या शेजारी जे ऐकू आलं ते ज्याच्या त्याच्या डोक्यात राहिलंय."

पुढचे दोन तास आम्ही जे काम केलं, ते साडेपाच महिन्यांत केलं नव्हतं. ना नमुने, ना गुण, ना राखून ठेवणं. खरेदीवाल्यांचं कॉर्नेट पहिल्या रांगेत बसवलं, हेडबाईंची क्लॅरिनेट दुसऱ्या, जज्जसाहेबांचा ट्यूबा तिसऱ्या, माझा ढोल चौथ्या. चुकलं की पुसायचं, पुन्हा बसवायचं. मास्तर शेजारी बसून कौतुकाने बघत होते. शेवटी हेडबाईंनी बटण दाबलं आणि चारही ओळी एकदम सुरू झाल्या. एकमेकींत अशा बसल्या की जज्जसाहेबांनी डोळे मिटायचं सोडून सताड उघडले. इतकी देखणी चाल मी आयुष्यात ऐकली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मास्तरांनी सगळी चाल मान पुढे करून ऐकली. संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या फेरीत ढोल मागे पडतो. तेवढा सांभाळा." मी तो पुढे सरकवला. पुन्हा ऐकलं, आणि खरंच, आता कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

पडद्यावर रचनाकाराचं नाव विचारणारी चौकट आली. हेडबाई मास्तरांचं नाव लिहू लागल्या. मास्तरांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"माझं नका घालू, बाई. चाल छान आहे, चौघांनी मिळून बसवलीय पण छान. तुमची तुमच्या नावावर असू दे." ते सगळ्यांकडे बघून हसले. "माझी वेगळी होती. आठवली की सांगतो."

मग खुर्ची खिडकीपाशी ओढून ते आठवत बसले. आम्ही चौघं टेबलाभोवती तसेच बसून राहिलो, आणि बैठक संपली असं म्हणायचं कुणाच्याच जिवावर येईना.