तीनशे वीस गुणिले आठ

"आठाने गुणलंस ना?" रणजीतने दारातूनच विचारलं होतं. विजयश्रीने मान वर न करता "हो रे बाबा, जा तू" म्हणून त्याला वाटेला लावलं होतं.

गुणलं नव्हतं. गुणायचं कशाला, हेच तेव्हा डोक्यात आलं नाही. निघोज्याजवळच्या त्या सुट्या भागांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं सगळं ती आणि रणजीत मिळून बघायचे. कोपऱ्यातलं डिस्कचं जुनं कपाट हल्ली घरघरायला लागलं होतं. ते बंद पडायच्या आत त्यातलं सगळं नव्या सर्व्हरवर न्यायचं होतं. कपाटाच्या माहितीपत्रकात वेग दिला होता, सेकंदाला तीनशे वीस मेगा. कंपनीची नेटवर्कची लाइन हजार मेगाची. हजारात तीनशे वीस सुखाने मावतात, असा तिने हिशेब केला. एरवी असली अवजड कामं गुरुवारी व्हायची, सुट्टीच्या दिवशी, लाइन मोकळी असताना. पण गुरुवार तिला सोनूसाठी हवा होता.

सोनू तिची तीन वर्षांची लेक. गेल्या पावसाळ्यात तापात तिला आकडी आली होती. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, अंग ताठ. तेव्हापासून लेकीचं अंग कोमट लागलं तरी विजयश्री रात्रभर उशाशी जागी बसायची. आणि आज सकाळीच ते कोमट लागलं होतं. रजा मात्र सगळ्या संपलेल्या. कंपनीचं पाळणाघर रस्त्यापलीकडे भाड्याच्या खोलीत होतं. तिथल्या गादीवर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्र आयांना फोनवर दिसायचं. तापाच्या साथीमुळे बाकीची पोरं घरीच होती.

"कणकण हाय जरा," पाळणाघर सांभाळणाऱ्या सरूबाईंनी सोनूच्या मानेला हात लावून सांगितलं. "पर तू जा. फोनात बघशीलच की."

"बघणारच, मावशी. सारखी बघणार."

"पोरगीच दिसती तुला. मी दिसती का?"

"तुमचा हात दिसतो ना."

"मंग झालं तर! पगार हाताचाच हाय, तोंडाचा न्हाई," म्हणत सरूबाई हसल्या. त्यांना साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या. जेवणाचा डबा खिडकीत ठेवलेला.

जेवणाच्या सुट्टीनंतर विजयश्रीने कपाटातला डेटा नव्या सर्व्हरवर हलवायला घेतला आणि फोन टेबलावर उभा केला. पडद्यावर सोनू झोपलेली. कपाळावर ओली पट्टी. चित्राच्या कडेला सरूबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात, थोपटायला उचललेला.

तिला हायसं वाटलं. दोन मेल लिहिले, कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिला, पुन्हा पाहिलं. सोनू झोपलेली. हात उचललेला.

चहा आला. तिने पुन्हा पाहिलं.

हात उचललेलाच.

तिने फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. थोपटणारा हात खाली यायला नको का? सोनूची छाती हलत नव्हती. पंख्याच्या वाऱ्याने पट्टीचं टोक उडायला हवं, तेही उडत नव्हतं. तिने सरूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"रणजीत, कॅमेरा अडकलाय का रे?"

"कॅमेरा कशाला, अख्खी लाइन अडकलीये. स्टोअरवाले बोंबलतायत कधीचे." तो तिच्या पडद्यावर वाकला. "हे आज लावलंस तू? अगं, डिस्कचा वेग बाइटमध्ये असतो आणि लाइनचा बिटमध्ये. एका बाइटचे आठ बिट. तीनशे वीस गुणिले आठ कर."

अडीच हजारांच्या वर. हजाराच्या लाइनीत. आणि त्याच लाइनीवरून पाळणाघराचा कॅमेरा यायचा. म्हणजे मघापासून ती जिच्याकडे बघत होती ती सोनू आत्ताची नव्हतीच.

तिने कपाटाचं काम लगेच थांबवलं. फोनवरचं चित्र क्षणभर विस्कटलं आणि हललं. पट्टीचं टोक उडायला लागलं, पण पट्टी चादरीवर पडलेली होती. गादी रिकामी. हातही नव्हता.

ती धावली. गेटवर "मॅडम, पंचिंग!" म्हणून कुणीतरी ओरडलं. रस्त्यावर चाकणकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग काही केल्या तुटेना. दोन गाड्यांच्या मधून ती घुसली, ड्रायव्हरने शिवी घातली. आकडी आली असेल. जीभ चावली असेल. कितीतरी वेळ झाला असेल, कितीतरी वेळ.

दाराला आतून कडी. रस्ता जवळ म्हणून सरूबाई नेहमीच वरची कडी लावायच्या. तिने दार बडवलं, सोनूला हाका मारल्या. मग ती दाराशेजारच्या खिडकीकडे वळली.

सरूबाई जमिनीवर कलंडलेल्या होत्या, तोंड उघडं, कपाळ घामाने थबथबलेलं. आणि सोनू, तिची सोनू, शेजारी मांडी घालून त्यांच्या दंडावर थोपटत होती.

"शूऽऽ," सोनू म्हणाली. "मावशी निन्नी कलते."

गेटवरचा रखवालदार खंडू गज घेऊन पळत आला. खिडकीतून हात घालून त्याने गजाने कडी सरकवली. सरूबाईंची शुद्ध हरपत चालली होती. विजयश्रीने त्यांच्या हिरड्यांना साखर चोळली, खंडूने अँब्युलन्स बोलावली. खिडकीतला डबा उघडलासुद्धा नव्हता; पोटात गोळी होती, अन्न नव्हतं, म्हणून रक्तातली साखर उतरली होती. तापातलं पोर झोपेपर्यंत मांडीवरून उतरलं नसणार, झोपल्यावर थोपटत बसायचं, त्या जेवणार कधी?

संध्याकाळी दवाखान्यात सरूबाईंनी डोळे उघडले. "पोरगी कशी हाय?" एवढंच विचारलं आणि पुन्हा मिटले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. रात्रभर त्यांना देखरेखीखाली ठेवणार होते. त्यांच्या घरी कोण आहे, कुणाला कळवायचं, हे विजयश्रीला ठाऊकच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं तिने.

कॅमेऱ्याचं तोंड आता तिने पूर्ण खोलीकडे फिरवून घेतलंय. पण चित्रावर तिचा भरवसा उरला नाही. हात हलताना दिसला तरी ती सरूबाईंना फोन करते, आवाज ऐकते. आणि भेटेल त्याला विचारते, तसंच तुम्हालाही विचारतेय: तुमचं लेकरू आत्ता कुणाच्या मांडीवर आहे? लेकराचं नंतर बघा. आधी त्या बाईंना फोन करा, जेवल्या का विचारा. उचलला नाही, तर हे वाचणं सोडा आणि जाऊन बघा.