नवऱ्याची परवानगी

कोट तिचा नव्हता. काळा, खांद्यावर एकही सुरकुती नसलेला, कॉलरपाशी जरासा चमकणारा. तो फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरमधला कोट होता, गावातल्या निम्म्या लोकांनी नोकरीच्या अर्जापुरता अंगावर चढवलेला. त्रियोनोच्या स्वतःच्या फोटोतही तोच होता. पण त्याच्या अंगावर तो उसना दिसत होता, आणि सुलिसच्या अंगावर... कात्री लाल पार्श्वभूमीच्या कडेने सरळ खाली नेताना त्याला वाटलं, हिला जणू माप घेऊन शिवलाय. चार फोटो कापायचे होते. तिसऱ्याला कात्री तिच्या ओढणीच्या काठापर्यंत गेली आणि तिथे थांबली. हनुवटी किंचित वर करून ती सरळ बघत होती — कुणाकडे? फोटोवाल्याकडे? घरात ती अशी कधी बघत नाही. समोरच्याकडून आपलं काही येणं आहे आणि ते तो देणारच आहे, अशी नजर. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही नजर ठेवली कुठे होती हिने?

"जपून कापा हं, उद्या पुन्हा काढायला वेळ नाही," स्वयंपाकघरातून सुलिस म्हणाली. पाठोपाठ पिठात बुडवलेले तेंपेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तेलात पडल्याचा आवाज आला.

"मी काय लहान आहे?" तो म्हणाला, आणि कात्री सरळ खाली नेली.

सगळा घोळ त्याच्याच हाताने झाला होता, हेच तर जिव्हारी लागत होतं. कॉफीच्या नव्या कंपनीला गोदाम सांभाळायला माणूस हवाय, ही बातमी त्याने आणली. प्लायवूडचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरी होता, आणि तेंपे तळून सुलिसला मिळणाऱ्या पैशांत लेकीची शाळा आणि घर दोन्ही ओढणं म्हणजे तारेवरची कसरत. अर्जाची खाकी पाकिटं त्यानेच आणली. गठ्ठ्याने घ्यावी लागतात, म्हणून दोनचार उरली. आणि उरली म्हणून हसत हसत म्हणाला, "तूही टाक की एक, पाकिटं वाया जायला नकोत." अर्जाचा मजकूर त्याने लिहून दिला, पोलिसांच्या दाखल्याच्या रांगेत तो तिच्यासोबत उभा राहिला, केवढा मोठेपणा! आणि बोलावणं आलं ते तिला. त्याच्या फोनवर काही नाही. आठवडाभर तो फोन उलटा ठेवायचा, मग हळूच सुलटा करायचा... आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. इथे डोळा मिळाला, पण भलत्यालाच.

पण एक आधार होता. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, वय पस्तीसपर्यंत. तो अडतिसाचा, ती चौतिसाची. तेव्हा प्रश्न लायकीचा नव्हताच. मी पस्तिसाचा असतो, तर हिचं पाकीट कुणी उघडलं तरी असतं का? हे तो दिवसातून किती वेळा मनाशी घोकायचा. तोंडात विरघळणाऱ्या गुळाच्या खड्यासारखं ते वाक्य त्याने जपून ठेवलं होतं.

"पाक त्रियोनो, आहात का घरात?" दाराशी शेजारच्या बू कार्ती उभ्या होत्या, हातात डबा घेऊन. गल्लीत पुरुषाला आदराने 'पाक' म्हणायचं, बाईला 'बू'. गल्लीतल्या बातम्या यांच्या डब्यातूनच फिरतात. "गरम तेंपे द्या बघू. अन् उद्यापासून झारा तुमच्या हातात ना? मग आजच पोटभर खाऊन घेते बाई, उद्याचा काय भरवसा!"

"अजून मुलाखत व्हायचीय, बू," सुलिस बाहेर येऊन म्हणाली.

"होईल गं, होईल. तुला बघून नाही कोण म्हणेल? तुम्ही मात्र पाक, पीठ पातळ ठेवा. जाड पिठाचं गिऱ्हाईक परत येत नाही." आणि खदाखदा हसत त्या गेल्या.

तोही हसला. हसताना गाल दुखले. सुलिस त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्यांच्या बोलण्याकडे काय लक्ष द्यायचं!" — म्हणजे तिने लक्ष दिलं होतं.

दुपारी लेक कुराणाच्या शिकवणीला गेली, तशी सुलिस हात पुसत त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली. "अहो, विचारा ना मला काहीतरी. उद्या ऐनवेळी तोंडातून शब्द फुटला नाही म्हणजे!"

हे काम त्याला आवडलं. त्याने टेबल मधे ओढलं, फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स समोर मांडली, घसा खाकरला आणि आवाज जाड केला. "हं. तुमच्याबद्दल सांगा."

"असा आवाज नका काढू हो, मला हसू येतं."

"उद्या साहेबाचा आवाज असाच असेल. तेव्हा हसशील?"

ती गंभीर झाली. आणि मग बोलायला लागली. सावकाश, एकेक वाक्य पुरं करत. प्लायवूडच्या कारखान्यात बांधणी विभागात किती वर्षं, काय काम, मग लग्न, मग घरचा धंदा... हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. घरात ती अर्धी वाक्यं बोलते, 'ते तिथं', 'ते त्याला', 'आणलंत का' — बाकीचं आपण समजून घ्यायचं. पुरी वाक्यं हिच्याजवळ होती तर! आणि ती उद्या कुणा परक्या माणसासमोर, थंडगार खोलीत, टेबलापलीकडे बसलेल्या कुणासमोर मांडणार होती. तो साहेब पेन फिरवत ऐकेल. मान डोलावेल. गंमत म्हणजे त्या क्षणी तो साहेब तो स्वतःच होता. आपल्याच सोंगावर आपण जळतोय, हे कळूनही जळायचं काही थांबेना.

"कठीण प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केलंत?" त्याने मुद्दाम अवघड विचारलं. अडखळू दे जरा.

ती अडखळली नाही. "एकदा पावसात गोदामाचं छत फुटलं, साहेब. दुसऱ्या दिवशी बाहेरदेशी जायचा माल होता. सगळे वरचे गठ्ठे झाकायला धावले. मी म्हटलं, वरचं राहू द्या, पाणी खालून चढतंय, तळाचे आधी उचला..."

"थांब."

"काय झालं?"

"ही गोष्ट... ही माझी आहे."

हो, त्याचीच होती! लग्नात, ईदला, कारखान्यातले जुने सोबती भेटले की, किती वेळा सांगितली असेल त्याने! 'मी ओरडलो, अरे तळाचे आधी उचला!' आणि लोक म्हणायचे, वा रे पठ्ठ्या. आणि सुलिस तिथेच चहाचे पेले मांडत असायची. एकदाही काही बोलली नव्हती.

"अहो, मी तिथेच होते ना," ती शांतपणे म्हणाली.

"मीही होतो!"

"होतात की. ताडपत्री धरून उभे होतात."

त्याला चीड आली, खरोखरची, कानशिलं तापेपर्यंत. घरात बसलेल्या माणसाजवळ असतं काय? चार गोष्टी असतात सांगायला. त्यातली एक हिने उचलून स्वतःच्या पाकिटात टाकली. पण चिडतानाच तो दिवस डोळ्यांसमोर यायला लागला, त्याच्या मर्जीविरुद्ध... घोट्यापर्यंत पाणी, भिजलेल्या लाकडाचा आणि सरसाचा वास, जड ताडपत्रीचं एक टोक... हो, हातात होतं ते टोक... आणि पलीकडे विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेली एक किडकिडीत पोरगी, तोंड उघडून ओरडत असलेली. आवाज कुणाचा होता? त्याला आवाज आठवेना. तिचं तोंड आठवत होतं. त्याच दिवशी आपण हिच्या प्रेमात पडलो, हे मात्र पक्कं होतं. महिनाभरात मागणी घातली होती. का बरं? आपल्या पराक्रमावर ती भाळली, असं तो आजवर धरून चालला होता. पण मी का भाळलो? ताडपत्री धरून उभ्या राहिलेल्या माणसाने त्या पोरीत असं काय पाहिलं होतं?

तोंडातला गुळाचा खडा संपला होता. वय! पंचविशीचा असतो आणि मी आणि ही, असे दोघं उमेदवार समोर बसलो असतो, तरी या खुर्चीवरून मी हिलाच घेतलं असतं.

"पुढे विचारा ना," ती म्हणाली.

"पुरे. येतंय तुला सगळं."

मग तिने तो कागद पुढे ठेवला. कंपनीचा निरोपच तसा होता: बाई लग्नाची असेल तर नवऱ्याचं परवानगीपत्र हवं, सरकारी स्टँप लावून, आणि सही अर्धी स्टँपवर, अर्धी कागदावर. तशी नसेल तर कागद बाद. मजकूर झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून आणला होता, स्टँप चिकटवलेला होता. सगळ्या गठ्ठ्यात हा एकच कागद असा होता, की ज्याचं त्रियोनोवाचून अडत होतं.

त्याने तो मोठ्याने वाचला. "मी, खाली सही करणारा, माझ्या पत्नीस नोकरी करण्यास परवानगी देत आहे..." 'परवानगी' हा शब्द तोंडात बरा वाटला. पुन्हा वाचला. मग म्हणाला, चहा होऊ दे आधी. चहा झाला. मग पेन बरोबर चालेना, म्हणून दुसरं शोधलं. सुलिस समोरच बसून होती. आज रविवार, पोस्ट बंद, झेरॉक्सचं दुकान बंद, नवा स्टँप मिळायचा नाही, असं काहीसं त्याच्या मनातून सरकलं. विचार म्हणण्याइतकंही ते नव्हतं, दारावरून मांजर जावं तसं. आणि त्याने सही केली. नेहमीचीच, लपेटेदार, फक्त हात जरा आधीच उचलला गेला, आणि ती सगळीच्या सगळी स्टँपच्या डावीकडे कोऱ्या कागदावर पडली. स्टँपला तिचा स्पर्शही झाला नाही.

"अरेच्चा! चुकलंच की गं," तो म्हणाला. आपला आवाज त्याला स्वतःलाच खोटा लागला. गल्लीतल्या पोरालाही कळला असता, इतका खोटा.

सुलिस उठली. आत गेली, कपाटाचं दार वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात तसाच दुसरा कागद होता. तोच मजकूर, खाली स्टँप चिकटवलेला.

"दोन... दोन कशाला आणलेस?"

"असू दे म्हटलं."

एवढंच. टोमणा नाही, डोळ्यांत पाणी नाही. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, त्याला भांडता आलं असतं. कधी आणले? शुक्रवारी. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून तिने त्याचा विचार केला होता. हा माणूस पहिला कागद बिघडवेल. केला विचार, आणि दुसरा मागून घेतला. मग घरी येऊन विचारलं, 'चहात साखर पुरे ना?' आणि त्याने म्हटलं होतं, 'पुरे.' म्हणजे शुक्रवारपासून ही सगळं जाणून याच घरात वावरत होती. त्याला वाढत होती, त्याच्या बाजूला झोपत होती. त्याची असूया त्याला स्वतःला धड दिसायच्या आधी तिला दिसली होती, आणि तिने त्या असूयेसाठी एक जादा स्टँप घेऊन ठेवला होता, पाहुण्यासाठी जादा पेला ठेवावा तसा.

"आणि हाही बिघडला तर?" त्याने हसण्यावारी नेत विचारलं.

"तर बिघडला. उद्या सांगेन त्यांना, नवऱ्याची परवानगी नाही. खोटं नाही सांगणार." तिने पेन त्याच्यासमोर ठेवलं आणि संध्याकाळच्या तळणाचं तेल तापवायला आत गेली. बघत उभी राहिली नाही.

बघत उभी राहायला हवी होती. मग 'बायको डोक्यावर उभी होती म्हणून केली' असं म्हणता आलं असतं. आता खोलीत तो एकटा आणि तो कागद. मला हिचा हेवा वाटतो, असं त्याने पहिल्यांदाच मनात सरळ म्हणून पाहिलं. म्हटल्याने तो कमी झाला नाही. नुसता समोर येऊन बसला. उद्या ही तोंड पाडून परत आली, तर मी हिला जवळ घेईन, आणि ते अगदी मनापासून असेल. हेच तर वाईट. आणि हसत आली तर... तर तिचं पाऊल दारात वाजल्यापासून ती आत येईपर्यंत, तेवढ्यात मला चेहरा नीट करावा लागेल. वेळ पुरेल का? पुरेल. ती दाराबाहेर चपला काढायला मुद्दाम वेळ लावेल, एकेक बंद सावकाश सोडत, खाली बघत. तोही वेळ तिने माझ्यासाठी धरून ठेवला असेल.

त्याच्या डोळ्यांपुढे ती तशी वाकलेली दिसली. त्याने पेन स्टँपच्या काठावर टेकवलं.