महिपत हरला त्याची कारणं

हौसाबाईने तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी लेकाच्या गालावर टेकवली, तसा महिपत कळवळला.

"मार खाताना गप्प होतास म्हणे," ती म्हणाली. "मग शेक घेताना कसला ओरडतोस?"

ओट्यावर बसलेली मंडळी हसली नाहीत. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी हसायचं नसतं, एवढी रीत त्यांना ठाऊक होती. महिपत रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये बॉक्सिंग हरून आला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणच्या त्या गल्लीतली माणसं त्याच्या ओट्यावर जमायची. सुतकाच्या घरी समाचाराला जाणारा माणूस जसे दोन शब्द घेऊन जातो, तसा इथे प्रत्येक जण एकेक कारण घेऊन यायचा. रिकाम्या हाताने येणं बरं दिसत नसे.

"त्या तानाजीचे ग्लव्ज पाहिलेत?" पोपट शिंप्याने सुरुवात केली. तानाजी म्हणजे अंबरनाथचा गडी, ज्याने काल महिपतला हरवला तो. "आतला कापूस सरकवलेला होता. शिवणीवरनं सांगतो. शिंप्याला कोण शिकवणार?"

"कापसाचं सोड रे. रेफरी बघ की," आनंदा म्हणाला. हा महिपतच्याच लोको शेडमधला खलाशी. "साहेब गेला, पण जाताना रेफरी ठेवून गेला. तिसऱ्या राउंडला याचा गुडघा टेकला नाही तोच मोजायला लागला!"

त्र्यंबकराव शेवटी बोलायचे. मालधक्क्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती, पण महिपतला घडवला तो त्यांनीच. पहाटे पळायला न्यायचं, दुधाचा रतीब लावायचा, इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरीकडे खेटे घालायचे, सगळं तेच करत.

"दिवा," ते म्हणाले. "रिंगवरचा दिवा नेमका महिपतच्या डोळ्यांवर येत होता. मी सेक्रेटरींना तसं स्पष्ट बजावून आलो आहे."

"अन् त्या तानाजीच्या डोळ्यांवर नव्हता येत?" हौसाबाईने विचारलं.

प्रश्न रास्त होता, म्हणून पोपटने विडीसाठी खिसे चाचपले.

"तो चांगला खेळला," महिपत पुरचुंडीच्या आडून म्हणाला.

"हा तुझा मोठेपणा," त्र्यंबकराव म्हणाले, आणि ते कारण बाजूला पडलं.

मग आनंदाने घसा खाकरला. "एक बोलू का? रागवायचं नाही हं कुणी. हा चैत्रात हरला. वैशाखात हरला. आता हा जेठ. त्याआधी असा ओळीनं कधी हरल्याचं आठवतं कुणाला? अन् लग्न झालं माघात."

आत चहा गाळल्याचा आवाज येत होता, तो थांबला. पायगुण हा शब्द कोणी उच्चारला नाही. पोपटने पायातली नसलेली चप्पल शोधली, त्र्यंबकरावांनी उपरणं झटकलं, आणि हौसाबाई पुरचुंडी परत तापवायला उठली. इतकी कारणं आली, पण इतकं चटकन पटलेलं हे पहिलंच.

विमल चहा घेऊन बाहेर आली. बाळकुमची मुलगी, अजून हिरव्या बांगड्यांतली. तिने एकेकापुढे कप ठेवले, महिपतचा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला, आणि कोणाकडे न बघता आत गेली.

खरं कारण महिपतला माहीत होतं. पौषात इगतपुरीच्या एका पोराशी खेळताना त्या पोराच्या ग्लव्जचा अंगठा महिपतच्या डाव्या डोळ्यात घुसला होता. दोन दिवस पाणी गळलं, मग थांबलं, आणि त्या बाजूचं जग धुक्यात गेलं ते परत आलंच नाही. पण पौषातली लढत तो जिंकला होता. आणि जिंकण्याची चौकशी करायला कोणी ओट्यावर येत नाही.

त्याने सांगितलं नाही. महिपत इंजिनावर फायरमन होता. भादव्यात ड्रायव्हरच्या परीक्षेआधी डोळे तपासायचे होते. डोळा गेला हे कळलं, की इंजिनावरून खाली उतरवून कोळशाच्या ढिगावर उभा करतील, हे त्याने शेडमध्ये दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. तपासणीच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं त्याने आरतीसारखी पाठ करून ठेवली होती. बाप आयुष्यभर रूळ ठोकत गेला, त्याचा मुलगा ड्रायव्हर होणार, हे हौसाबाईचं भाजीवालीलाही सांगून झालं होतं.

दिव्याची तक्रार सेक्रेटरींनी ऐकली. आषाढात पुन्हा लढत लावतो, दिवा सरकवून घेतो, म्हणाले. हे सांगायला त्र्यंबकराव स्वतः आले, आणि निघता निघता हौसाबाईला हळूच म्हणाले, "पहिला आखाड आहे. सूनबाई माहेरी जाईलच. थोडी आधीच गेली तर... नाही, मी आपलं सुचवलं. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"माझा तरी कुठं आहे," हौसाबाई म्हणाली. "पण पोराच्या जिवाशी खेळ कशाला?"

दोघांनी महिपतकडे बघितलं. तो बादलीत हात बुडवून बोटांची सूज बघत होता. त्याने मान हलवली नाही, वर केली नाही. त्यांनी तो होकार धरला, आणि खरं तर तो होकारच होता.

नवी सून पहिल्या आखाडात सासरी राहत नाही. महिना लागायच्या आदल्या दिवशी माहेरचा माणूस येतो आणि तिला घेऊन जातो. त्यात कौतुक असतं. पण आखाडाला अवकाश असताना सून निघाली, की गल्ली समजायचं ते समजते. विमलचा भाऊ गुणाजी न्यायला आला, तेव्हा समोरची गंगुबाई मुद्दाम दारात येऊन उभी राहिली.

"अगं, आत्ताच? आखाड कुठं लागलाय अजून?"

"आईला बरं नाही," विमल म्हणाली.

गुणाजीने मान खाली घातली. आई भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून मोकळी झाली, आता पेरणीच्या मागे आहे, असं तो आत्ताच आत बसून सांगत होता.

गाठोडं उचलताना विमल सासूकडे वळली. "आई, त्यांना जेवायला वाढाल तेव्हा पाण्याचा तांब्या डावीकडे नका ठेवू. उजवीकडे ठेवा."

"हे काय नवीन? उष्ट्या हातानं तांब्या धरायचा का त्यानं?"

"धरू दे. डावीकडचा लवंडतो."

"लहानपणापासनं धांदरटच तो," हौसाबाई म्हणाली.

महिपत उंबऱ्यावर बसून कामाच्या बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याची बोटं थांबली. म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून, देव जाणे. पण ओट्यावर आनंदा चैत्र-वैशाख मोजत होता, तेव्हा आत चहा गाळत उभ्या असलेल्या या बाईला माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. महिपतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लाजेबरोबर, खोटं कशाला सांगा, हायसंही वाटलं, कारण ती काही बोलणार नव्हती. तो बुटांवर वाकला, आणि त्या दोघांची पावलं गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत वाकलेलाच राहिला.

लढतीच्या दिवशी दिवा सरकवलेला होता. ग्लव्ज पोपटने स्वतः चाचपून पाहिले. रेफरी दुसरा होता, मराठी होता, आणि त्र्यंबकरावांना ओळखतही होता. पहिल्या राउंडमध्ये महिपतने तानाजीला दोरापर्यंत रेटला, तेव्हा इन्स्टिट्यूटचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. दुसऱ्या राउंडमध्ये तानाजीला कळलं. कसं कळलं कुणास ठाऊक. पण तो महिपतच्या डाव्या अंगाला सरकला आणि तिथेच राहिला. भिंतीपलीकडून कोणी दगड मारावेत तसे ठोसे येत गेले. तिसऱ्यात महिपत दोनदा खाली बसला. पॉइंट मोजायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळी ओट्यावर आली, पण या खेपेला पंचाईत होती. दिवा नाही, कापूस नाही, रेफरी नाही, आणि सून बाळकुमला. बराच वेळ सगळे गल्लीतलं कुत्रं बघत बसले. शेवटी त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं.

"घरात सून नाही. खाण्यापिण्याची आबाळ होणारच. मनही थाऱ्यावर राहत नाही."

"बरोबर!" आनंदा म्हणाला. "त्यात ती रडत गेली म्हणे. सासरचा उंबरा रडत ओलांडला की..."

"रडली नाही ती," महिपत म्हणाला.

तो इतक्या मोठ्याने बोलला, की हौसाबाई चुलीपासून उठून दारात आली.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. पौषापासनं. लग्नाच्या आधीपासनं. इगतपुरीवाल्याचा अंगठा गेला होता. माझी बायको आली, तेव्हा डोळा जाऊन महिना झाला होता."

हौसाबाईने दाराची चौकट धरली. क्षणभर वाटलं, कोणीतरी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवेल.

"वा!" पोपट म्हणाला.

"काय वा?"

"अरे, वा म्हणजे काय! हे खरं कारण! आधी का नाही बोललास? एका डोळ्यावर तीन राउंड उभा राहिलास, मर्दा! दुसरा डोळा असता तर त्या तानाजीचा भुगा झाला असता!"

"भुगा?" आनंदाने मांडीवर थाप मारली. "पाणी मागायलाही उरला नसता तो! थांब, शेडमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मारतो हे. फार हसत होते साले."

दोघंही चपला घालून उठले. इतकं चांगलं कारण हाती लागल्यावर बसवत नव्हतं त्यांना. विमलचं नाव कोणी काढलं नाही. ते कारण जुनं झालं होतं.

त्र्यंबकराव तेवढे मागे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"महिपत, हे बोलायचं नव्हतंस. उद्या शेडमध्ये, परवा डॉक्टरकडे. भादव्याची परीक्षा गेली तुझी."

"गेली."

"मला एकट्याला सांगितलं असतंस तर काहीतरी तोड काढली असती."

"तुम्ही तिला आधी पाठवायला सांगितलंत, त्र्यंबकराव."

त्र्यंबकरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. "माझा विश्वास नव्हता रे त्यावर," ते म्हणाले, आणि त्यांना बरंच काही म्हणायचं असूनही चपला घालून निघून गेले.

ठाण्याला उतरून महिपत बाळकुमपर्यंत चालत गेला. ऐन आखाडात जावई दारात बघून विमलच्या आईने कपाळावर हात मारला. "अगं बाई, हे काय! लोक काय म्हणतील?" तिने त्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि बोलवायचं की नाही ते न कळून शेवटी मुलीला हाक मारली.

विमल शेतातून आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. तिने त्याचा सुजलेला चेहरा बघितला.

"हरलात?"

"हो. पण त्यासाठी नाही आलो. सांगून टाकलं मी सगळ्यांना. डोळ्याचं."

तो थांबला. येताना वाटेत त्याने मनात बरंच काही रंगवलं होतं. ती रडेल, मग हसेल. तसलं काही झालं नाही. विमलचा चेहरा रागाने लाल झाला.

"आता?" ती म्हणाली. "आता सांगितलंत? इंजिनावर घेतील तुम्हाला आता?"

"नाही घेणार."

"मग मी कशासाठी ऐकून घेतलं सगळं? गल्लीभर तोंडाला काळं फासून घेतलं, आईला आजारी पाडलं, ते कशासाठी? तुमचं इंजिन राहावं म्हणूनच ना?"

शेजारच्या ओटीवर कोणीतरी उगाच सूप वाजवायला लागलं होतं.

"मला माहीत आहे हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"तू निघालीस तेव्हा. तांब्याचं बोललीस तेव्हा."

"तेव्हा मी दारातच होते."

"होतीस."

"मग का नाही थांबवलंत?"

महिपतने तोंड उघडलं. कारणं होती. गुणाजी उभा होता, आई बघत होती, समोर गंगुबाई होती, कामाची पाळी गाठायची होती. एकेक चांगलं होतं, आणि सगळी खरीही होती.

"भ्यालो," तो म्हणाला.

विमल पायरीवर बसून काडीने पायाचा चिखल खरवडू लागली. एक पाय झाला, दुसरा झाला. शेजारचं सूप थांबलं.

"जेवून जा," ती म्हणाली. "भाकरी टाकते."

"चल ना घरी. आजच."

"आज नाही येणार. आखाडातून सून आणली म्हटल्यावर परत तेच, नवं काहीतरी चिकटवतील." ती उठली. "श्रावण लागला की या. गुणाजी सोडायला येणार नाही, आईंनाही पाठवायचं नाही. तुम्ही यायचं. अन् भर दुपारी न्यायचं, गल्लीतली सगळी दारात असतात तेव्हा."

"बरं."

"त्यांनी विचारलं, का गेली होती, तर तुम्ही सांगायचं. मी नाही काही बोलणार."

"सांगेन."

ती आत गेली. थोड्या वेळाने चुलीचा धूर ओटीवर आला, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.