टाकीचा प्रोग्रॅम

आदिनाथ सरांनी पहिल्या रविवारी करिष्माला कॉम्प्युटर दाखवलाच नाही. टेबलावर दोन बटणं, एक छोटा बल्ब आणि वायरचे तुकडे मांडले. म्हणाले, "दोन्ही बटणं दाबली तरच पेटला पायजे. जोड." ती तासभर चुकत राहिली. शेवटी बल्ब पेटला, तेव्हा तिच्यापेक्षा सरांनाच जास्त आनंद झाला.

बीडच्या त्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती. आईवडील, भिवराबाई आणि उत्तरेश्वर, दरसाल पाटोद्याकडच्या गावाहून ऊसतोडीला जायचे. सरही तसल्याच घरातले, तिच्या शेजारच्या गावचे. कायम नव्हते, तासिकेवर शिकवत होते, तरी रविवारी फक्त तिच्यासाठी लॅब उघडायचे. शून्य आणि एक, त्यांची बेरीज, मग मायक्रोप्रोसेसरचं किट आणि त्याची असेंब्ली भाषा. एकेक आकडी कोड की-पॅडवर टाकायचा. मध्येच लाइट गेली की सगळं पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. करिष्मा कधी कुरकुरली नाही.

हॉस्टेलची टाकी रोज भरून वाहायची. मोटार आपोआप चालू-बंद करायचा प्रोग्रॅम लिहायचं तिनं मनावर घेतलं. टाकीत एक सेन्सर खाली, एक वर. खालचा कोरडा पडला की मोटार चालू, वरचा भिजला की बंद. पण पाणी दोन्हींच्या मधे असलं की मोटारीनं काय करावं? तिथंच तीन आठवडे गेले. एका दुपारी, जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून उभी असताना तिला सुचलं: मोटार आधी चालू होती की बंद, एवढी एकच गोष्ट मेमरीत एका बिटात, शून्य किंवा एक म्हणून, ठेवायची, पाणी मधे असलं की ती वाचायची आणि मोटार तशीच राहू द्यायची. ताट तसंच ठेवून ती लॅबकडे पळाली.

तिनं प्रोग्रॅम लिहून काढलेली वही सरांनी उलटसुलट पाहिली. "हे मी तुला शिकवलेलं न्हाई," ते म्हणाले. "हे तुझं हाय." संभाजीनगरच्या प्रदर्शनाला पाठवू म्हणाले आणि वही तपासायला ठेवून घेतली.

दिवाळीनंतर आईवडिलांचा संसार ट्रॅक्टरवर चढवून द्यायला ती गावी गेली. चार दिवसांनी परतली, तर नोटीस बोर्डावर प्रदर्शनाची यादी लागलेली. 'स्वयंचलित पाणी टाकी: युवराज.' त्याखाली बारीक अक्षरात, 'मदतनीस: करिष्मा.' युवराज म्हणजे संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांचा नातू.

ती स्टाफरूममध्ये गेली. सरांनी मान वर केली नाही.

"सर, कावून? माझं नाव खाली कावून?"

"बस आधी."

"बसत न्हाई मी. तुमीच म्हणला होता, हे तुझं हाय."

"नऊ वर्षं झाली मला तासिकेवर, करिष्मा. औंदा जागा निघालीय. अध्यक्षांनी नातवाचं नाव सुचवलं, मी न्हाई कसं म्हणू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि एक काम हाय. परीक्षक विचारतील. ते मधल्या पाण्याचं युवराजला तेवढं समजावून सांग. मी सांगितलं, त्याच्या डोक्यात शिरंना."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सर मात्र उत्तराची वाट पाहत होते. "न्हाई सांगणार," एवढंच बोलून ती बाहेर पडली. तिनं तक्रारीचा अर्ज दिला, तो प्राचार्यांनी ठेवून घेतला आणि पुरावा म्हणून वही मागितली. वही सरांकडे होती. वही परत आली, तेव्हा तिच्यातली टाकीच्या प्रोग्रॅमची सहा पानं नव्हती.

मदतनीस म्हणून तिला संभाजीनगरला जावंच लागलं. परीक्षक बाईंनी युवराजला नेमकं तेच विचारलं, "पाणी मधे असताना मोटारीला कसं कळतं?" युवराजनं करिष्माकडे पाहिलं. तिनं मान दुसरीकडे वळवली. मग सर पुढं सरकले आणि उत्तर देऊ लागले. एक बिट, मेमरी, आधीची स्थिती. शब्दन् शब्द तिचा, तिनं ज्या क्रमानं सांगितलं होतं त्याच क्रमानं. वहीतली पानं गेली तेव्हा ती रडली नव्हती. आता डोळे भरून आले.

दुसरं बक्षीस मिळालं. परतताना जीप गेवराईत चहाला थांबली. सर कप घेऊन तिच्याजवळ आले. "पुढच्या वर्षी तुझंच नाव टाकू. शब्द देतो."

"पुढच्या वर्षी मी तुमाला दाखवीन कावून?" तिनं जीपमधली पिशवी काढली आणि स्टँडवर जाऊन बीडची एसटी धरली.

सर डिसेंबरमध्ये कायम झाले. करिष्मानं रविवारचं जाणं सोडलं. मोबाईलवर किटसारखंच चालणारं एक फुकट ॲप सापडलं, त्यावर ती पुस्तकातला पुढचा धडा करू लागली. धडा अवघड होता. अडलं की मनात आधी तेच यायचं, सरांना विचारू. मग आठवायचं. ती पान मागं उलटायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायची.