कणगीतला पासपोर्ट

“आई, माझा पासपोर्ट द्या,” अनिता म्हणाली.

मी सुपात उडीद पाखडत होते. वर पाहिलं नाही. ओट्यावर समीक्षा बसली होती, चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून, जसा काही तो पळून जाणार होता. ही ठाण्याची बाई सहा वर्षं झाली सिद्धगडावर माणसं घेऊन येते. गड चढून उतरली की तिची माणसं आमच्या पडवीत जेवतात. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा. रांधते माझी सून अनिता, आणि निघताना पाया माझ्या पडतात.

“कुठून देऊ?” मी म्हटलं. “बियाण्याच्या कणगीत आहे तो.”

समीक्षाला काही कळलं नाही. अनिताला कळलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

आमच्या घरात बियाण्याची कणगी वेगळी. भात झोडून झालं की टपोरा दाणा निवडायचा, निरगुडीच्या पाल्याबरोबर कणगीत भरायचा आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकायचं. ते लिंपण फोडायचं रोहिणी नक्षत्र लागल्यावर, मे सरताना, घरातल्या मोठ्या बाईच्या हाताने. मध्ये घरात उपास पडला तरी त्या कणगीला हात नाही. आधी फोडली तर पेरलेलं उगवत नाही म्हणतात. खरं की खोटं, देव जाणे. अजून कुणी फोडलीच नाही.

आणि समीक्षाची सहल एप्रिलात होती.

ही समीक्षा बायकांना जग दाखवायला नेते. जग बघतात, पण चार दिवसांत वरणभातासाठी जीव कासावीस होतो त्यांचा, म्हणून स्वयंपाकाला माणूस बरोबर न्यावं लागतं. तिने अनिताला विचारलं. अकरा दिवस, इजिप्त देश, जाणं-येणं विमानाने. माझा मुलगा हरेश भिवंडीकडे गोदामात कामाला जातो. बायको विमानात बसणार म्हणून आठवडाभर तो गोदामातल्या लोकांना पेढ्याचं आश्वासन देत होता. तोच तिला घेऊन गेला, पासपोर्टाचे कागद करून आणले. मग चौकशीला पोलीस आला. बाई कशी आहे, त्याने मला विचारलं. मी म्हटलं, “तुमच्या घरात नसेल अशी.” त्याने ते लिहून घेतलं की नाही, ठाऊक नाही.

समीक्षाने एक गुळगुळीत पुस्तकही दिलं होतं. मरायच्या आधी बघायच्या जागा, असं काहीतरी. मी दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर ओळखते, पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरते. म्हणून दुपारी शेंगा सोलताना अनिता वाचायची आणि मी ऐकायची. मेलेल्या राजासाठी रचलेले दगडांचे डोंगर. मी म्हटलं, आमच्याकडे मेलेल्याला एक दगड पुरतो. लाल खडकात कोरलेलं अख्खं गाव. उत्तरेकडे कुठे आभाळात हिरवे पडदे हलतात म्हणे. मी म्हटलं, धुवायला कोण काढतं ते? अनिता खुदकन हसायची. हसताना ती माहेरची वाटायची, आमची नाही.

एक जागा मात्र मी दोनदा वाचायला लावली. मिठाचं शेत, नजर पोचेल तिथवर पांढरं. त्यावर बोटभर पाणी साचलं की आभाळ खाली उतरतं आणि माणूस ढगांवर उभा राहतो. चित्रात एक बाई तशी उभी होती. तिच्या पायाखाली काहीच नव्हतं.

“तुमी याल का आई तिथं?” अनिताने विचारलं होतं.

“म्हशीला पाणी दाव आधी,” मी म्हटलं.

पासपोर्ट आला तो दिवाळीनंतर, भात खळ्यावर असताना. आमच्यात जे मोलाचं ते माझ्याकडे. डोरलं, सातबारा, देवाचा टाक. अनिताने तो दोन्ही हातांनी आणून दिला. म्हणाली, “तुमच्याकडं ठेवा. माझ्या पेटीला कुलूप नाय.” दुसऱ्या दिवशी कणगी भरायची होती. ती बाहेर शेण कालवत होती तेव्हा मी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कणगीच्या मध्यावर ठेवला आणि वरून भात ओतलं. मग ती आत आली आणि आम्ही दोघींनी मिळून तोंड लिंपलं. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. एक भेग ठेवली नाही तिने.

सहल कधीची, हे मला ठाऊक होतं. तिने तीनदा सांगितलं होतं.

हा डाव मी कुणाकडून शिकले ते सांगते. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली तेव्हा गावातल्या बायका ट्रकमधून समुद्र बघायला निघाल्या होत्या. माझ्याकडे एकच धड लुगडं. ते सासूबाईंनी, बारकीबाईंनी, बियाण्यात ठेवून कणगी लिंपली. विचारलं तर म्हणाल्या, उंदरं खातील म्हणून ठेवलं गो. फाटक्या लुगड्यात कोण जाणार? रोहिणीला ते बाहेर आलं. त्याचा निरगुडीचा वास धुऊन गेला नाही. समुद्र मी अजून बघितलेला नाही. बारकीबाईंना मी कधी काही बोलले नाही. त्यांच्या पिंडाला कावळा लवकर शिवला, तेव्हा सगळे म्हणाले, सुनेने चांगलं केलं.

तर समीक्षा पासपोर्ट न्यायला आली त्या दिवशी हरेश घरीच होता. तो उठला. “आये, फोडू का मी?”

“फोड,” मी म्हटलं. “रोपं नाय आली तर गावाला तूच सांग, का नाय आली ते.”

त्याने बायकोकडे पाहिलं. अनिताने मान हलवली. नको. समीक्षाने घड्याळ पाहिलं, फोनवर तारखा पाहिल्या, म्हणाली, व्हिसाचे कागद आठ दिवसांत पाठवावे लागतात, नवा पासपोर्ट काढायला वेळ नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, आजी, तुम्ही एकदा विचार करा. मी सूप आपटलं. फोलपटं तिच्या बुटांवर उडाली.

ती गेल्यावर अनिता चुलीपाशी बसली. मला वाटलं रडेल, भांडेल, माहेरी जाईल. तयारी ठेवली होती मी, चार उत्तरं जिभेवर होती. तिने भाकरी थापली आणि विचारलं, आमटीत कोकम घालू का.

एप्रिलात तिच्या फोनवर फोटो आले. दगडांचे डोंगर, उंट, टोप्या घातलेल्या बायका. तिने मलाही दाखवले. एका फोटोत बायका ताटं घेऊन बसल्या होत्या. ती फोटो मोठा करून बघत राहिली.

“भात गिच्च झालाय,” म्हणाली. बाकी काही नाही.

मग भाताच्या रोपांसाठी राब भाजला. पालापाचोळा, शेणी, काटक्या पसरून जमीन काळी केली. मी रोज त्या कणगीसमोरून जायची. लिंपण सुकून पांढरं पडलं होतं. एकदा मी त्याला नख लावून बघितलं. हात मागे घेतला.

रोहिणी लागली त्या सकाळी मी अंघोळ करून कणगीला हळदकुंकू वाहिलं आणि लिंपण फोडलं. अनिता पाट्या भरू लागली. चौथ्या पाटीला पिशवी वर आली. तिने ती सोडली, पासपोर्ट काढला, पदराने पुसला. उघडला. आत तिचा फोटो, कान दिसतील असे केस मागे घेतलेले. एवढी ताठ बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पुढचं पान कोरं, त्याच्या पुढचंही कोरं. तिने सगळी उलटली.

मी म्हटलं, “जपून ठेव आता.”

“तुमीच ठेवा,” ती म्हणाली आणि माझ्या हातात दिला. “दहा वर्सं चालतो हा, आई. मला घाई नाय.”

आवाज चढला नाही. डोळे खाली नव्हते. मग पाटी डोक्यावर घेतली आणि राबाकडे चालायला लागली.

वय माझं एकाहत्तर. पासपोर्ट कनवटीला खोचला आणि मागोमाग गेले. पहिली मूठ मोठ्या बाईने टाकायची असते. मी वाकले. त्याचा कोपरा पोटात रुतला.

मूठ टाकली, पुढे सरकले, परत वाकले. परत रुतला. अख्खा राब पेरायचा होता.