राखबाबाची चिमूट

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये दोन खड्डे. एकात चिकट चिखल. पाय घातला की चप्पल आतच राहायची. दुसरा खड्डा मातीने भरलेला, आणि त्यावर राखबाबा ताठ उभा! तो बाजूला झाल्यावर चेल्याने विटांनी भरलेली हातगाडी त्यावरून नेली. चाक तसूभर रुतलं नाही. लोकांनी हात जोडले.

“आठ दिवसांपूर्वी इथेही चिखलच होता, लेकरांनो! मी काय केलं? एक चिमूट राख आणि तीन फुंकरा. माती रुसते, तिची समजूत काढावी लागते!”

“रुसायला ती काय सासू आहे?” मी म्हणालो. मागच्यांनी मला गप्प केलं.

मी रस्त्यांच्या कामावर माती तपासतो. बारा वर्षं झाली. आमच्या गावाखालची चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि जाताना भिंतही घेऊन जाते. वहिनीच्या मागच्या खोलीची भिंत तर पाळण्यावरच झुकली होती. भेगेत तळहात जायचा. दादा कामासाठी परगावी. मी रोज सांगत होतो, खोली सोडा. पण बाबाने बजावलं होतं, “खोली सोडलीत तर मातीला कळेल तुमचा विश्वास नाही.” वहिनीने भेगेत त्याने दिलेली चिमूटभर राख भरली होती. आठ दिवसांत भिंत सरळ होईल, असं त्याने सांगितलं होतं.

“भाऊजी, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे,” गर्दीत माझ्याजवळ उभी असलेली वहिनी आताही म्हणाली. कडेवर सहा महिन्यांची पोर होती.

माझं डोकं फिरलं. शेजारच्या म्हाताऱ्या गवंड्याची पहार घेतली आणि थेट खड्ड्यापाशी गेलो.

“हात लावू नकोस, पाप लागेल!” बाबा ओरडला.

“लागू दे. माझं मी बघतो.”

चार घाव घातले. ढेकूळ निघालं. आत कोपरभर खोलपर्यंत सगळी माती राखाडी होती.

“बाबा, एक चिमूट एवढी खोल गेली कशी?”

गवंड्याने ढेकूळ चुरडून पाहिलं. “यात चुना आहे की रे!” मग चेल्याकडे वळून म्हणाला, “हात दाखव तुझे.” चेल्याने हात पाठीमागे नेले. पण चुन्याने फाटलेले तळवे सगळ्यांनी आधीच पाहिले होते.

मग मी सांगितलं. ही वीजघराच्या धुराड्यातली राख, पिठासारखी बारीक. पाच घमेली मातीत एक घमेलं राख, थोडा चुना आणि पाणी घालून ती धुमसाने ठोकायची आणि आठवडाभर ओली ठेवायची. मातीचे कण एकमेकांना घट्ट धरतात. आम्ही रस्त्याखाली हेच करतो. पण ते बांधण्याआधी. झुकलेली भिंत चिमटीने सरळ होत नाही, ती उतरवावीच लागते.

“उद्या इथेच करून दाखवतो. मंत्राऐवजी मातीला शिव्या देईन!”

दिल्याही, पोटभर. आठव्या दिवशी तीच हातगाडी माझ्या खड्ड्यावरून गेली.

पण त्याआधीच भिंत पडली. वहिनीने ते ढेकूळ पाहिलं त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन ती माझ्या घरी आली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या पाळण्यावर विटांचा ढीग झाला.

पसार होण्याआधी बाबा म्हणाला, “खोली सोडली म्हणूनच पडली.” आणि त्यावर माना डोलावणारे निघाले! संताप त्याचाच येतो. पोर पाळण्यात असती तर हाच म्हणाला असता, विश्वास कमी पडला.

राख खरी होती. तिचा गुण माणसांनी घाम गाळून, मोजून, तपासून शोधला होता, आणि या चोराने तो स्वतःच्या फुंकरीवर खपवला. पुन्हा कुणी असा खड्डा दाखवला, तर हात जोडू नका. पहार मागा.